साथीच्या काळातील समज आणि सवयी : कशेळे परिसराच्या निमित्ताने

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव वसलेले आहे. पूर्वेस भीमाशंकरचा डोंगर आणि कोथळीगडाचा सुळका, पश्चिमेस काही अंतरावर मुंबई-पुणे लोहमार्ग, आणि मध्ये भातखाचरांचा सखल मुलूख. खांडस, आंबिवली या बाजूच्या गावांना आणि डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्यांना बाजारहाट, एस.टी. आणि औषधोपचार यांसाठी कशेळ्याचाच आधार असतो. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. कर्जत स्थानकातून मुंबईकडे लोकलगाड्या सुटत असल्याने तालुक्यातील असंख्य नोकरदार दररोज महानगरात जाऊन येतात, तर खालापूर व खोपोलीच्या कारखानदारीने जवळपासच्या कित्येक तरुणांना रोजगार दिला आहे. शेतघरांच्या निमित्ताने शहरवासीयांचीही ये-जा असते. एका बाजूस महानगराशी रोजचा संबंध आणि दुसऱ्या बाजूस पायवाटेनेच पोहोचता येईल अशा वाड्या, हे या भागाचे वैशिष्ट्य होय. साथीच्या रोगाबाबत लोकांस काय ठाऊक असते, ते काय मानतात आणि प्रत्यक्षात काय करतात, याचा विचार करण्यास असा परिसर फार उपयुक्त ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे घोषित केले. त्याच आठवड्यात महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा राज्यात लागू केला. २३ मार्चपासून लोकलगाड्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी थांबल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुढील तीन वर्षांत राज्यात सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीची स्थिती संपल्याचे जाहीर केले. या कालक्रमाची माहिती आता सर्वांना आहे. प्रतिबंधाचा संदेश आकाशवाणी, दूरदर्शन, भ्रमणध्वनीची रिंग आणि ग्रामपंचायतीचा ध्वनिक्षेपक यांतून अहोरात्र दिला जात असताना तो आचरणात किती उतरला, आणि जेथे उतरला नाही तेथे का उतरला नाही, हा प्रश्न मात्र आजही विचारण्याजोगा आहे.

जाणणे, मानणे आणि करणे

आरोग्यशास्त्रात अशा पाहणीचे तीन भाग पाडतात : ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. रोग कशाने पसरतो हे माहीत असणे हा पहिला भाग. तो आपल्याला होऊ शकतो आणि आपल्या हातून टळू शकतो असे वाटणे हा दुसरा. त्याप्रमाणे वागणे हा तिसरा. पुष्कळदा असे गृहीत धरले जाते की पहिला भाग पुरा झाला की उरलेले दोन आपोआप साधतात. म्हणूनच वर्तन बदलले नाही की अधिक पत्रके छापली जातात. हा समज चुकीचा आहे. हात साबणाने वीस सेकंद धुवावेत हे ज्या स्त्रीला पूर्णपणे ठाऊक आहे, तिला पाण्याचा हंडा चढणीवरून डोक्यावर आणावा लागत असेल, तर दिवसातून आठ वेळा हात धुणे ही तिच्या दृष्टीने ज्ञानाची बाब राहत नाही, ती हिशेबाची बाब होते. पावसाळ्यात या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो. तेच पाणी खडकावरून वाहून गेल्यावर एप्रिल-मे महिन्यांत डोंगरवाड्यांना झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. पहिली टाळेबंदी आणि दुसरी लाट या दोन्ही नेमक्या याच महिन्यांत आल्या, ही गोष्ट जिल्हा पातळीवरील आराखड्यांत फारशी लक्षात घेतली गेली नाही.

साबणाने नेमके काय होते, हे सांगण्याची रीतही महत्त्वाची आहे. कोरोना विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. तेलकट भांड्यावरील तेल साबणाने सुटते त्याचप्रमाणे हे आवरण साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. नुसत्या पाण्याने तसे होत नाही. ज्या घरात रोज भांडी घासली जातात त्या घरात हे स्पष्टीकरण तत्काळ पटते. एखाद्या शिक्षकाने मुलांसमोर तेलाच्या थेंबावर हा प्रयोग करून दाखविला, तर दहा भित्तिपत्रकांचे काम होते. पाणी थोडे असेल तेथे डब्याला बारीक छिद्र पाडून, पायाने ओढावयाच्या दोरीने तो कलता करण्याची युक्ती अनेक शाळांतून वापरली जाते. तीत ओंजळभर पाण्यात हात धुऊन होतात आणि डब्यास हातही लावावा लागत नाही.

धुराचे उदाहरण

प्रारंभीच्या काळात सर्व भर पृष्ठभागावरील विषाणूवर होता. भाजीची पिशवी, नोटा, दाराची कडी, सर्व काही निर्जंतुक करण्याची धडपड चालली होती. गावोगावी रस्त्यांवर औषधे फवारली गेली. त्या फवारणीचा उपयोग जवळजवळ नव्हताच. तिने काहीतरी केल्याचे समाधान तेवढे मिळाले. पुढे अनुभवाने आणि संशोधनाने हे स्पष्ट झाले की हा रोग मुख्यत्वे श्वासावाटे, बंदिस्त हवेतून पसरतो. बोलताना, खोकताना, गाताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि कोंदट जागेत त्यांची दाटी होते. २०२१ च्या वसंतात जागतिक आरोग्य संघटनेनेही हे आपल्या मार्गदर्शनात स्पष्टपणे नमूद केले.

ग्रामीण श्रोत्यांना ही गोष्ट समजावून देण्यास चुलीच्या धुरासारखे दुसरे उदाहरण नाही. ज्या जागेत धूर कोंडतो त्या जागेत हा रोगही कोंडतो, आणि जेथे धूर चटकन निघून जातो तेथे धोका कमी असतो. या दृष्टीने पाहता कारवीच्या कुडाचे ठाकूरवाडीतील घर हवा खेळती ठेवण्याच्या बाबतीत खिडक्या लावून घेतलेल्या पक्क्या खोलीपेक्षा सरस ठरते. विवाहाचा हॉल, गच्च भरलेली जीप, तीन आसनांवर सहा माणसे बसलेली रिक्षा, पावसाळ्यात काचा लावलेली एस.टी. ही धोक्याची खरी ठिकाणे होती. शेतात लावणी करणाऱ्या बायकांना मुखपट्टी लावण्यास सांगणे आणि लग्नाच्या जेवणावळीकडे मात्र कानाडोळा करणे, असा उलटा प्रकार पुष्कळ ठिकाणी घडला. नियमामागील कारण समजले नाही म्हणजे नियम चुकीच्या जागी लागू होतो. लोक मग नियमालाच हसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

मुखपट्टीबाबतही असेच झाले. निरोगी माणसास तिची गरज नाही, असे सुरुवातीस सांगण्यात आले. एप्रिल २०२० च्या प्रारंभी केंद्र शासनाने घरी शिवलेली मुखपट्टी वापरण्याचा सल्ला दिला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जूनमध्ये आपला सल्ला बदलला. शास्त्रात नवा पुरावा आला की निष्कर्ष बदलतो. यात शास्त्राचा कमीपणा नाही. परंतु ‘काल असे म्हणालात, आज तसे म्हणता’ हा गावकऱ्यांचा प्रश्नही अगदी वाजवी होता. त्याला उत्तर देण्याऐवजी दंडाची पावती पुढे केल्यास मुखपट्टी तोंडावरून हनुवटीवर येते आणि पोलीस दिसला की पुन्हा वर जाते. या सवयीस प्रतिबंधात्मक सवय म्हणता येणार नाही.

शब्दांचा घोटाळा

साथीच्या निमित्ताने शासकीय मराठीत दोन शब्द सर्रास वापरात आले : विलगीकरण आणि अलगीकरण. बाधित रुग्णास वेगळे ठेवणे ते विलगीकरण. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, पण अद्याप रोग न झालेल्या व्यक्तीस काही दिवस वेगळे ठेवणे ते अलगीकरण. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. आदेश काढणाऱ्यांचीही कित्येकदा गफलत होई, मग गावच्या दक्षता समितीची होणे स्वाभाविकच होते. ज्यास केवळ लक्ष ठेवण्यासाठी शाळेच्या खोलीत राहावयाचे होते, त्याला गावाने रोगी मानले. घर परत केल्यावरही त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलली नाही.

‘सामाजिक अंतर’ हा शब्द त्याहूनही अविचारी होता. ज्या समाजाने शतकानुशतके स्पर्शास्पर्शाच्या नावाखाली माणसांना विहिरीपासून आणि देवळापासून दूर ठेवले, त्या समाजात ‘सामाजिक अंतर पाळा’ अशी पाटी लावताना थांबावयास हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द अधिक योग्य असल्याचे सांगितले होते. तरी जुना शब्द फलकांवरून गेला नाही. ‘दोन हातांचे अंतर ठेवा’ एवढे साधे मराठी कोणासही कळले असते आणि कोणास बोचलेही नसते.

गावाची जुनी शहाणीव

साथीला तोंड देण्याची रीत या प्रदेशास सर्वस्वी नवी नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील वर्षी तो महाराष्ट्रभर पसरला. त्याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहावयाचे, ही पद्धत लोकांनी अनुभवाने स्वीकारली होती आणि ती शास्त्रदृष्ट्याही योग्य होती. याउलट, घरात शिरून झडती घेण्याच्या सक्तीने जनमत इतके दुखावले की त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड यांच्यावरील हल्ल्यात झाले. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा जहाजांवाटे मुंबईत आला आणि लोहमार्गाने अंतर्भागात शिरला. लोकांनी त्यास ‘मानमोडी’ हे नाव दिले. जूनमधील पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट भीषण ठरली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावल्याचे अंदाज आहेत.

२०२० ची पहिली लाट आणि २०२१ ची दुसरी लाट यांत हाच क्रम दिसून आला. पहिल्या लाटेत खेड्यांत रुग्ण तुलनेने कमी निघाले. त्यामुळे ‘हा शहराचा रोग, आपल्या उन्हातान्हात राबणाऱ्या शरीरास काही होत नाही’ अशी भावना बळावली. तिचा फटका मार्च ते मे २०२१ मध्ये बसला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने त्या काळात घरोघर तपासणी, संशयितांना तत्काळ वेगळे ठेवणे आणि स्वयंसेवकांची पथके यांच्या बळावर गावातील साथ आटोक्यात आणली. त्यानंतर शासनाने जून २०२१ मध्ये कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. हिवरे बाजारच्या यशामागे अनेक वर्षे चाललेली ग्रामसभेची परंपरा होती, हे मात्र स्पर्धेत उतरणाऱ्या गावांनी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

घरात राहण्याची किंमत

‘घरी राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य पगारी माणसासाठी लिहिलेले होते. कातकरी समाज हा महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक होय. भातकापणी उरकली की यांतील अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अशी कुटुंबे वाडीवर नव्हतीच. शिधापत्रिका एका गावी आणि कुटुंब दुसऱ्या गावी, ही त्यांची अडचण. मोफत धान्याची योजना आली तरी शिधापत्रिकेच्या गावापासून दूर असलेल्यांना तिचा लाभ घेणे सोपे नव्हते. त्याच वर्षी शासनाने खावटी अनुदान योजना पुन्हा सुरू करून पात्र आदिवासी कुटुंबांसाठी चार हजार रुपयांची तरतूद केली. त्यातील निम्मी रक्कम रोख आणि निम्मी वस्तुरूपाने द्यावयाची होती.

या संदर्भात धान्यकोशाची आठवण होणे साहजिक आहे. कशेळे येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांतून धान्यकोश उभे करण्याचे काम केले. पावसाळ्यात घरातील दाणे संपतात तेव्हा कोशातून भात उसने घ्यावयाचे आणि सुगीनंतर थोड्या वाढीने परत करावयाचे, अशी ही व्यवस्था होती. तिचा मूळ उद्देश सावकारी कर्जातून सुटका हा होता. साथीच्या नियोजनाच्या दृष्टीनेही ती पाहण्याजोगी आहे. घरात पंधरा दिवसांचे दाणे असतील तरच कुटुंब पंधरा दिवस घरात राहू शकते. आजारी माणसास वेगळे ठेवावयाचे तर निदान दुसरी खोली हवी, तीही बहुतेक वाड्यांवर नसते. त्यामुळे गृहविलगीकरणाचा सल्ला एकखणी घरास लागू पडत नाही. तेथे समाजमंदिर किंवा शाळा, तेथे मिळणारे दोन वेळचे जेवण आणि मागे राहिलेल्या गुराढोरांची सोय, हे सर्व एकत्र ठरवावे लागते.

तपासणी आणि लस यांविषयीची भीती

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविण्यात आली. आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक यांची पथके घरोघर जाऊन ताप व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजत. बोटास लावावयाचे ते छोटे यंत्र या निमित्ताने आशाताईंच्या पिशवीत आले. या यंत्राची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की काळ्या त्वचेच्या रुग्णांत ते प्रत्यक्षापेक्षा अधिक प्राणवायू दाखविण्याचा संभव जास्त असतो. थंड बोट किंवा नखावरील रंग यांमुळेही आकडा चुकतो. त्यामुळे सहा मिनिटे चालावयास लावून धाप लागते काय व आकडा खाली येतो काय हे पाहण्याची साधी चाचणी अधिक भरवशाची ठरे.

चाचणीस लोक का टाळतात, याचे उत्तर केवळ अज्ञानात शोधू नये. बाधित निघाल्यास रुग्णवाहिका दारात येणार, सर्व वाडीस कळणार, मजुरी बुडणार, आणि दूरच्या केंद्रात गेलेला माणूस परत येईल की नाही याची खात्री नाही, ही भीती होती. दुसऱ्या लाटेत मृतदेह घरी न आणता परस्पर अंत्यसंस्कार झाल्याच्या वार्ता कानावर आल्यावर ती दुप्पट झाली. अंगावर ताप काढून, अखेरच्या क्षणी रुग्णालयात नेलेला माणूस दगावला की ‘रुग्णालयात गेला म्हणून गेला’ असा अर्थ निघे. अपुऱ्या माहितीचे परिणामही कधी कधी प्राणघातक झाले. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे मद्यविक्री बंद असताना हात निर्जंतुक करण्याचे द्रव प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. त्याआधी फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून रोग होतो या अफवेने राज्यातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले होते.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांस ते खुले झाले. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर प्रथम चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये ते सहा ते आठ झाले आणि मे महिन्यात बारा ते सोळा. अंतर वाढविल्याने प्रतिकारशक्ती चांगली निर्माण होते असा त्यास आधार होता. पण त्याच वेळी लसीचा तुटवडाही होता, आणि गावकऱ्यांनी दोन्ही गोष्टी जोडून आपला निष्कर्ष काढला. नोंदणी भ्रमणध्वनीवरून करावयाची असल्याने, जेथे संपर्क मिळण्यासाठी टेकडीवर जावे लागते तेथील रहिवासी मागे पडले आणि शहरातील मंडळी खेड्यांतील केंद्रांवर मात्रा घेऊन गेली, अशी तक्रार राज्यात अनेक ठिकाणांहून आली. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो. शरीर प्रतिकाराची तयारी करीत असल्याचे ते लक्षण आहे. परंतु रोजंदारीवरील माणसास त्या तापाचा अर्थ बुडालेली मजुरी असा होतो. हे आधी सांगितले गेले नाही तेथे पहिल्या तापाबरोबर अफवेस पंख फुटले. नोव्हेंबर २०२१ मध्ये घरोघरी जाऊन लस देण्याची मोहीम सुरू झाली. हे आधीच व्हावयास हवे होते. पथकाने गावातून वाडीवर जाण्यातील अडचण ही वाडीने गावात येण्यातील अडचणीपेक्षा नेहमीच लहान असते.

या सर्व कामाचा भार राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा कार्यकर्त्यांनी वाहिला. मानधनवाढीसाठी त्यांना जून २०२१ मध्ये, साथ ओसरली नसतानाच, संप करावा लागला. लोकांचा विश्वास ज्या व्यक्तीमार्फत मिळवावयाचा, तिलाच तुटपुंज्या मानधनावर राबविणे हे प्रशासनाच्या हिताचे नाही.

पाहणी कशी करावी

ग्रामपंचायत किंवा शाळा यांना आपल्या गावातील समज व सवयी जाणून घ्यावयाच्या असल्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. सावधगिरी मात्र हवी. ‘तुम्ही मुखपट्टी वापरता काय?’ असे शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने विचारले, तर ‘होय’ हेच उत्तर मिळेल. विचारणाऱ्यास जे आवडेल ते सांगण्याची माणसाची रीत आहे. म्हणून विचारणे आणि पाहणे वेगवेगळे असावे. रास्त भाव दुकानासमोरील रांगेत, एस.टी.त, आठवडे बाजारात शंभर माणसांपैकी किती जणांचे नाक-तोंड झाकलेले आहे, हे मोजून ठेवावे. हात धुण्याविषयी विचारण्याऐवजी मोरीजवळ साबण आहे काय हे पाहावे. ‘का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर चौकटीत खूण करून मिळत नाही. ते उत्तर देणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. कातकरी आणि ठाकूर यांची बोली प्रमाण मराठीहून वेगळी असल्याने त्या समाजातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी पाहणीत बरोबर असावी. घरातील स्त्रियांना पुरुषांच्या समोर विचारू नये. पाणी, इंधन आणि आजाऱ्याची शुश्रूषा या तिन्ही गोष्टींचा हिशेब त्यांच्याकडे असतो.

असे करण्यास नव्या महासाथीची वाट पाहावी लागत नाही. कोविडच्या काळात बालकांचे नियमित लसीकरण अनेक ठिकाणी खंडित झाले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ उद्भवली. क्षयरोग तर कायमचाच आहे, आणि तोही श्वासावाटे, कोंदट हवेतूनच पसरतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसास तपासणीस नेताना तीच भीती, तीच बुडणारी मजुरी आणि तोच लौकिकाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. कशेळ्यासारख्या ठिकाणी या पाहणीस मे महिन्याचा अखेरचा आठवडा सर्वांत सोयीचा ठरावा. भट्ट्यांवरून कुटुंबे परतलेली असतात, पेरणी सुरू झालेली नसते आणि पहिल्या पावसाने ओढ्यांवरील वाटा अजून बंद झालेल्या नसतात. पथकाने सायंकाळी, माणसे कामावरून आल्यावर वाडीवर पोहोचावे. दुपारी गेल्यास म्हातारी माणसे आणि लहान मुले यांच्याच नोंदी हाती येतात.